मोठ्या कुटुंबाची गाडी

चैत्र संपत आला होता व जोतिबाची यात्रा नुकतीच आटोपली होती. त्या सुमारास आम्ही कोल्हापुरांतील एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. घर जुनें, मागेंपुढें अंगण असलेलें, आणि विशेष म्हणजे अद्यापि एकत्र. आजी, दोन मुलगे, दोन सुना, एक आत्या आणि पांच नातवंडें अशीं अकरा पानें तेथें रोज मांडलीं जातात. थोरले बंधू महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक. धाकट्यांचा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग करण्याचा लहानसा कारखाना. त्या दिवशीं त्या घरांत वाद चालला होता, आणि वादाचा विषय होता गाडी.

पांच आसनांची जुनी मोटार आतां कुटुंबास पुरत नाहीं, एवढ्यावर सर्वांचें एकमत होतें. थोरल्यांचें म्हणणें असें कीं, सात आसनांची एखादी सुबक गाडी घ्यावी. धाकटे म्हणत, "दादा, घ्यायचीच तर बारा माणसांची ट्रॅव्हलर घेऊं. सगळें घर एका गाडींत बसेल, आणि एरवीं तीच कारखान्याच्या माणसांना आणण्या-नेण्याच्या कामीं येईल. एका खर्चांत दोन कामें!" आजींचा कौल धाकट्यांकडे होता. वाडीला जातांना सगळीं माणसें एका गाडींत असावींत, अर्धीं पुढें आणि अर्धीं मागें अशी फाटाफूट नको, एवढेंच त्यांचें मागणें. शेवटीं दोघेही बंधू आमच्याकडे वळून म्हणाले, "आपण मासिकांत लिहितां, तर याचा निवाडा आपणच करा."

आम्हीं तेथल्या तेथें निवाडा केला नाहीं. चार ठिकाणीं विचारपूस करण्यास एक महिना मागून घेतला. हाच प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं उभा असेल, अशा समजुतीनें त्या विचारपुशीचें फळ येथें मांडीत आहों.

सगळ्या घरानें एकत्र प्रवास करावा ही हौस आपल्याकडे नवी नाहीं. राजर्षि शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी कोल्हापुरांत अजून सांगितल्या जातात. सामान्य गृहस्थाच्या घरीं बैलांची दमणी असे. तींत बायकामुलें, शिदोरी आणि पाण्याची कळशी यांची एकदांच सोय होई. मिरजेपर्यंतची रेल्वे १८९१ सालीं आली. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरला पहिली एस. टी. निघाली, आणि पुढें गांवोगांवच्या कुटुंबांचा प्रवास तिच्या स्वाधीन झाला. एस. टी. जेथें वेळेवर पोंचत नाहीं तेथें या बाजूस वडाप आहे. जीप असो कीं ट्रॅक्स असो, माणसें भरल्याशिवाय ती हलत नाहीं, आणि भरली असें चालक कधीं म्हणत नाहीं! कोल्हापूर, सांगली, सातारा या जिल्ह्यांत वाढलेल्या कोणासही या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

बारा-पंधरा माणसांची गाडी मात्र आपल्या महाराष्ट्रीय उद्योगाच्या हातून घडली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नगरचे स्वातंत्र्यसैनिक व उद्योजक नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं बजाज टेंपो ही कंपनी उभी केली. तिच्या तीन चाकी गाडीमुळें 'टेंपो' हा शब्द मराठींत असा रुळला कीं, आज कोणत्याही मालवाहू गाडीस आपण टेंपोच म्हणतों. १९६९ सालीं तिची मॅटॅडोर आली आणि १९८७ सालीं ट्रॅव्हलर. २००५ सालीं कंपनीनें फोर्स मोटर्स हें नांव घेतलें. तरी लग्नाच्या यादींत आपण अजून 'टेंपो ट्रॅव्हलर' असेंच लिहितों. टाटांची विंगर २००७ सालीं या स्पर्धेंत उतरली, आणि अलीकडे फोर्सचीच अर्बानिया तिच्या शेजारीं येऊन उभी राहिली आहे. धाकट्या वर्गांत १९८४ सालीं मारुतीची व्हॅन आली. पुढें ओम्नी या नांवानें ती २०१९ पर्यंत निघत होती. २०१० सालीं ईको आली, आणि इनोव्हा, अर्टिगा यांसारख्या गाड्यांनीं सात माणसांच्या प्रवासास पुष्कळ आराम दिला.

निवड करणाऱ्यानें या सर्व गाड्यांचे तीन वर्ग मनांत स्पष्ट करावे. पहिला वर्ग सहा-सात आसनांच्या व्हॅनचा. दुसरा दहापासून तेरा आसनांपर्यंतच्या मधल्या गाड्यांचा. आणि तिसरा सतरापासून सव्वीस आसनांपर्यंतच्या मिनी बसचा. दुकानदार बहुधा किंमत, इंजिन आणि वातानुकूलन यांवर बोलतो. घरच्यांनीं मात्र त्याआधीं दुसऱ्या चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट लांबी. पहिल्या वर्गांतील गाडी सुमारें साडेचार मीटर लांब असते. पुढील दोन वर्गांतील पांच ते सात मीटर. मंगळवार पेठेंत किंवा शिवाजी पेठेंत ज्यांचें घर आहे, त्यांनीं आपल्या बोळांत सहा मीटरांची गाडी वळेल काय, आणि रात्रीं ती कोणाच्या दारापुढें उभी राहील, याचा विचार आधीं करावा. शेजाऱ्याशीं रोजचें भांडण विकत घेऊन मिळालेल्या आसनांत सुख नाहीं.

दुसरी गोष्ट उंची आणि पायरी. मोठ्या गाडीचें छत उंच असतें, मधून चालतां येतें, लहान मूल रडूं लागलें तर आई त्यास घेऊन जागा बदलूं शकते. हें मोठेंच सुख. परंतु त्या गाडीची जमीनही बहुधा उंच असते. विंगरचें इंजिन पुढील चाकें फिरवितें, त्यामुळें तिच्या पोटाखालून मागील चाकांकडे जाणारा दांडा नाहीं व जमीन कांहींशी खालीं ठेवतां आली आहे. इतर मोठ्या गाड्यांत पहिली पायरी गुडघ्यास जाणवते. सात आसनी गाडींत मधल्या रांगेवर बसणें सोपें, पण तिसऱ्या रांगेंत जावयाचें म्हणजे अंगाची घडी करावी लागते. ती रांग मुलांचीच, हें गृहीत धरावें.

तिसरी गोष्ट सामान. सातही आसनें भरलीं कीं त्या गाडींत मागें दोन पिशव्यांपुरती जागा उरते. मिनी बसमध्येंही सगळीं आसनें मागच्या दारापर्यंत गेलेलीं असतील तर तीच गत. मग सामान टपावर चढतें. टपावर ओझें चढलें कीं गाडीचा तोल वर जातो, आणि घाटाच्या वळणावर त्याची किंमत कळते. म्हणून अकरा माणसांस अकरा आसनांची गाडी पुरत नाहीं. एक-दोन आसनें सामानासाठीं मोकळीं धरावींत.

चौथी गोष्ट मागची रांग. जें आसन मागील चाकांच्याही मागें आहे, तेथें प्रत्येक खड्डा दुप्पट होऊन पोंचतो, आणि आंबा घाटांत किंवा गगनबावड्याच्या खालीं करूळ घाटांत पोट ढवळूं लागतें तें बहुधा तेथेंच. म्हाताऱ्या माणसांस व गर्भवती स्त्रीस पुढच्या व मागच्या चाकांच्या मधल्या रांगेंत बसवावें. ही गोष्ट साधी आहे, पण प्रवासाच्या गडबडींत तरुण मंडळी खिडक्या धरून बसतात आणि आजी मागें जातात.

आतां कायद्याकडे वळूं, कारण धाकट्या बंधूंच्या 'एका खर्चांत दोन कामें' या युक्तीची खरी परीक्षा तेथें होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत चालक वगळून सहापर्यंत उतारू भाड्यानें नेणारी गाडी ती मोटर कॅब, आणि सहाहून अधिक पण बारापर्यंत नेणारी ती मॅक्सी कॅब. आपल्या धंद्याच्या कामासाठीं, भाडें न घेतां, सहाहून अधिक माणसें नेणारी मालकाची गाडी तिसऱ्याच सदरांत पडते. तिला खासगी सेवा वाहन म्हणतात. शाळेची गाडी आणखी निराळी. तिच्यासाठीं महाराष्ट्रांत २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. गाडी एकच दिसली तरी ती कोणत्या सदरांत नोंदली आहे यावर तिचा कर, तिचा परवाना, तिची योग्यता तपासणी आणि तिचा विमा अवलंबून असतो. म्हणून पैसे भरण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत जाऊन, आपण ती कशासाठीं वापरणार हें खरें सांगून, तिची नोंद कोणत्या सदरांत होईल तें विचारून घ्यावें.

येथें एक सूचना कळकळीनें कराविशी वाटते. घरगुती नोंदीची मोठी गाडी दारीं आली कीं ओळखीचीं माणसें विचारतात, "आमच्या मुंजीला देतां काय? डिझेल आमचें, आणि वर चार पैसे घ्या." मालकासही त्यांत वावगें वाटत नाहीं. परंतु घरगुती वापराचा विमा भाड्याच्या प्रवासास लागू नसतो. दुर्दैवानें कांहीं घडलें तर उतारूंच्या नुकसानभरपाईचा बोजा मालकाच्या घरादारावर येऊं शकतो. चार पैशांसाठीं एवढी जोखीम कोणत्याही शहाण्या गृहस्थानें घेऊं नये.

चालविण्याच्या परवान्याविषयीं मात्र एक गैरसमज दूर झाला आहे. ७,५०० किलोपर्यंत वजनाच्या गाड्या हलक्या वाहनांत मोडतात. अशी गाडी उतारू वाहतुकीची असली तरी हलक्या वाहनाच्या परवान्यावर ती चालवितां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. तथापि, चालविण्याची परवानगी असणें निराळें आणि चालवितां येणें निराळें. पांच आसनांची मोटार वीस वर्षें हांकणाऱ्यासही सहा मीटर लांबीची भरलेली गाडी घाटांत उतरविणें नव्यानें शिकावें लागतें.

कराच्या बाबतींत धाकट्या बंधूंचें म्हणणें पहिल्या दृष्टीस बळकट दिसलें. २२ सप्टेंबर २०२५ पासून चालकासह दहा किंवा त्याहून अधिक माणसांच्या गाडीवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. उलट, लांबीनें चार मीटरांहून मोठ्या सात आसनी मोटारीवर तो ४० टक्के आहे. "बघा दादा, मोठी गाडी घ्यावी असें सरकारच सांगतें आहे," असें धाकटे म्हणाले, आणि थोरल्यांना उत्तर सुचेना.

परंतु कायद्याचें पुढचें कलम त्यांनीं वाचलें नव्हतें. धंद्यासाठीं घेतलेल्या गाडीवरील कराची वजावट कारखानदारास मिळावी, तर तिचीं मान्य आसनें चालकासह तेराहून अधिक असलीं पाहिजेत. तेरापर्यंतच्या गाडीवर ती वजावट, उतारू वाहतूक हाच ज्यांचा धंदा आहे अशांसारखे अपवाद सोडले तर, मिळत नाहीं. म्हणजे बारा उतारू आणि एक चालक अशी जी गाडी धाकट्यांच्या मनांत भरली होती, ती बरोबर तेराची. वजावटीच्या उंबरठ्याच्या एक पाऊल अलीकडे! आणि शिवाय ती पेठेंतल्या बोळास मोठी, कारखान्याच्या पाळीस लहान. कारखान्यांत एका पाळीला चौदा माणसें असतात. त्यांतलीं दोन रोज कोठें बसणार? दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही गाडी होणार होती.

मग निवड करावी कशी? आमचें उत्तर थोडक्यांत असें: आसनें मोजण्यापूर्वीं दिवस मोजावे. गाडीची दुकानें आपणांस विचारतात, "घरांत माणसें किती?" आपण म्हणतों, "अकरा", आणि अकरा आसनांची गाडी आपल्या गळ्यांत पडते. विचारावयास हवें होतें तें असें, कीं "अकराही माणसें एकत्र किती दिवस बाहेर पडतात?"

या घरच्या थोरल्या सूनबाईंनीं हा हिशेब फार चांगला केला. भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांनीं गेल्या वर्षींचा एकेक महिना आठवला. सगळें घर एकत्र निघालें तें जोतिबास एक दिवस, नृसिंहवाडीस दोनदां, कुलदेवतेस दोन दिवस, एका लग्नास एक, आणि सुटींत कोंकणांत तीन. मिळून नऊ दिवस. उरलेल्या दिवसांत गाडी निघाली ती मुलांस शिकवणीस सोडण्यास, आजींस डॉक्टरांकडे नेण्यास, मंडईस, अंबाबाईच्या दर्शनास, स्टेशनवर कोणास आणण्यास. त्या वेळीं गाडींत तीनचारच माणसें असत, क्वचित् सहा. याच्या उलट कारखान्याचा हिशेब. तेथें चौदा माणसें, जातां-येतां दोन खेपा, आणि असे वर्षाचे सुमारें तीनशें दिवस.

ही दोन उत्तरें शेजारीं शेजारीं मांडल्यावर वाद जवळजवळ मिटलाच. मोठी गाडी दारांत उभी राहिली तरी तिचा विमा, तिचा कर, तिच्या टायरांचें वय आणि, ठेवला असेल तर, चालकाचा पगार हें सर्व चालूच राहतें. वर्षाच्या नऊ दिवसांसाठीं तिला पोसणें म्हणजे गौरींच्या जेवणासाठीं बारा महिने आचारी ठेवण्यासारखें आहे. आणि ज्या कारखान्यास तीनशें दिवस गाडी लागते, त्यानें ती दर दिवसाच्या भाड्यानें घेणें हेंही तितकेंच अव्यवहार्य. गृहस्थानें रोजच्या माणसांपुरती गाडी विकत घ्यावी आणि सणाची गाडी भाड्यानें आणावी; व्यावसायिकानें रोजच्या पाळीची पूर्ण संख्या धरून, वर दोन आसनें मोकळीं ठेवून, आपली मिनी बस घ्यावी. दोन्ही कामांसाठीं एकच गाडी घेण्याचा मोह आवरावा.

हें झालें पैशाचें गणित. परंतु सगळें घर ज्या गाडींत बसतें, तिच्याविषयीं बोलतांना केवळ पैशाचें बोलून थांबणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

२६ जानेवारी २०१८ ची रात्र कोल्हापूरकर विसरलेले नाहींत. पुण्याकडील मंडळी कोंकणांत गणपतीपुळ्याचें दर्शन घेऊन मिनी बसनें कोल्हापुरास येत होती. गांव अगदीं दृष्टीच्या टप्प्यांत आलें असतां, पंचगंगेवरील जुन्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून ती गाडी नदींत पडली. तेरा जीव गेले, आणि त्यांत लहान मुलेंही होतीं. त्या अपघाताचें कारण काय, याचा निवाडा आम्हीं करावयाचा नाहीं. परंतु त्या पुलावरून जातांना आम्हांस प्रत्येक वेळीं वाटतें, कीं ज्या गाडींत आजीपासून नातवापर्यंत सारें घर बसलें आहे, ती इतर गाड्यांसारखी एक गाडी नव्हे. ती ठरविण्यांत आपण मुहूर्तासारखी काळजी घेतली पाहिजे.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांमागें आम्हीही सारे कुटुंबीय भाड्याच्या मिनी बसनें रत्नागिरीस निघालों होतों. आंबा घाटाच्या अलीकडे चहास थांबलों असतां चालक पेला हातांत धरून उभ्या उभ्याच पेंगूं लागला. जवळ बसवून विचारलें तेव्हां कळलें, कीं आदल्या रात्रीं तो एका लग्नाचें वऱ्हाड पोंचवून पहांटे परतला होता, आणि मालकानें त्यास तसाच आमच्याकडे पाठविला होता. आम्हीं गाडी तेथेंच तीन तास उभी केली व त्यास मागच्या बाकावर निजविलें. मंडळी कुरकुरली, दुपारचें जेवण चुकलें. परंतु त्या तीन तासांबद्दल आम्हांस आजवर पश्चात्ताप झालेला नाहीं. खेद वाटतो तो याचा, कीं भाडें ठरवितांना आम्हीं आसनें विचारलीं, वातानुकूलन विचारलें, पडदे आहेत काय हेंही विचारलें. आणि चालक काल रात्रीं झोंपला होता काय, एवढेंच विचारलें नाहीं.

तेव्हांपासून भाड्याची गाडी ठरवितांना आम्ही कांहीं गोष्टी नेमानें पाहतों. परवाना, योग्यतेचें प्रमाणपत्र आणि विमा यांच्या तारखा डोळ्यांनीं पाहाव्या. मालकाच्या शब्दावर राहूं नये. टायर हातानें चांचपावे. संकटकाळचें दार उघडून पाहावें. पुष्कळ गाड्यांत त्याच्यापुढें जादा आसन किंवा सामान ठेवलेलें असतें. प्रत्येक आसनाचा पट्टा ओढून पाहावा, आणि ज्या आसनाचा पट्टा चालत नाहीं तें आसन नाहींच असें समजावें. मांडीवरचें मूल हें माणूसच आहे. गाडी थांबली तरी मुलाचें अंग थांबत नाहीं, आणि तशा धक्क्यांत आईच्या हातांस त्याला धरून ठेवण्याचें बळ नसतें. म्हणून पांच वर्षांच्या नातवासही आसन मोजावें. रात्रीं घाट उतरावयाचा किंवा चढावयाचा नाहीं, हें निघण्यापूर्वींच ठरवावें. आणि मुक्काम असेल तेथें चालकाच्या अंथरुणाचे व जेवणाचे पैसे आपल्याच हिशेबांत धरावे. आपण धर्मशाळेंत पंख्याखालीं निजावें आणि ज्याच्या हातीं उद्यां साऱ्या घराचे प्राण द्यावयाचे त्यानें डांस मारीत गाडींत रात्र काढावी, ही रीत दुष्ट आहे. आणि ज्यास दया पुरेशी वाटत नसेल त्यास स्वार्थासाठींही ती टाकून देण्यासारखी आहे.

कारखानदारांसही हेंच लागू. रात्रपाळीचीं माणसें थकून गाडींत बसतात आणि लगेच झोंपतात. जागा असतो तो एकटा चालक. पाळीच्या पहिल्या खेपेस पहांटे उठलेला मनुष्यच रात्रीच्या शेवटच्या खेपेस असूं नये, एवढी व्यवस्था मालकानें करावी. दुसऱ्या चालकाचा पगार जड वाटेल. पण ज्या माणसांच्या हातांवर कारखाना चालतो तीं घरीं सुखरूप पोंचणें हाही उत्पादनाच्याच खर्चाचा भाग आहे.

आमचा हा सर्व वृत्तांत घेऊन आम्ही पुन्हां त्या घरीं गेलों. वादाचा शेवट मात्र आमच्या गणितानें झाला नाहीं. तो आजींनीं केला. धाकट्यांनीं परीक्षेसाठीं एक बारा आसनांची गाडी दारांत आणली होती. आजी हौसेनें बाहेर आल्या. पहिल्या पायरीपाशीं त्यांनीं पाऊल उचललें, दांडा धरला, आणि पाऊल पुन्हां खालीं ठेवलें. दोन्ही नातवांनीं हात दिला तेव्हां त्या चढल्या. आंत बसल्यावर त्यांस आनंद झाला, खिडकीतून त्यांनीं सारा बोळ पाहिला. परंतु उतरल्यावर त्या धाकट्यांस म्हणाल्या, "अरे, वाडीला जायला ही फार छान. पण रोज डॉक्टरांकडे जातांना दोन नातू कुठून आणूं?"

तात्पर्य, गाडी पाहावयास जातांना घरांतील सर्वांत वृद्ध माणसास बरोबर न्यावें. विक्रेत्याच्या कागदावर पायरीची उंची छापलेली नसते. ती त्यांच्या गुडघ्यास ठाऊक असते.

त्या घरीं आतां सात आसनांची गाडी ठरली आहे. मधल्या रांगेंत आजी व आत्या, मागें मुलें. धाकट्यांनीं कारखान्यासाठीं सतरा आसनांची मिनी बस निराळी नोंदविली आहे. तिची वजावटही नियमाप्रमाणें मिळेल, आणि चौदाही माणसें बसतील. आणि वैशाखी पौर्णिमेस सारें घर नृसिंहवाडीस गेलें तें भाड्यानें आणलेल्या बारा आसनांच्या ट्रॅव्हलरनें, म्हणजे धाकट्यांस हवी होती तसल्याच गाडीनें. आजींची इच्छा पुरी झाली, कोणी पुढें नाहीं, कोणी मागें नाहीं. नातवांनीं पायरीखालीं ठेवण्यास एक बुटकें लांकडी स्टूल बरोबर घेतलें होतें.

आम्हीही आमच्या गाडीनें मागोमाग वाडीस गेलों होतों. दर्शन झाल्यावर तेथील एका खानावळींत मंडळी जेवावयास बसली, तेव्हां थोरल्या सूनबाईंनीं अकराऐवजीं बारा पानें मांडावयास सांगितलीं. बारावें पान चालकाचें होतें. जेवण होतांच त्यास तासभर आडवें होण्यासाठीं ओसरीवर चटई घालून दिली गेली. आणि तो उठेपर्यंत निघण्याची घाई कोणीही केली नाहीं.